राजगड–तोरणा–रायगड : शेवटच्या माणसाचं काय करायचं?

रानजाई

राजगड–तोरणा–रायगड या वाटेबद्दल इथे आधीच पुष्कळ लिहून झालंय. पाणी कुठे, मुक्काम कुठे, कोकणात उतरायला नाळ (डोंगरातली दगडधोंड्यांची अरुंद घळ) कुठली, शोधलं की सगळं सापडतं. म्हणून वाटेचं वर्णन करत बसत नाही. मला विचारायचंय ते गटात सगळ्यात मागे असणाऱ्या माणसाबद्दल. आमच्यात त्यावरून भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. व्हॉट्सॲपवर अधूनमधून धुमसत असतं.

गेल्या डिसेंबरात गेलो होतो. गट सरमिसळ होता. काही जुने ट्रेकर, त्यांचे ऑफिसातले मित्र, एक कॉलेजातला मुलगा आणि मैत्रिणीचे बाबा. काका नुकतेच बँकेतून निवृत्त झालेत. मी एरवी पुढे असते. चढ लागला की पाय सुटतात, वर जाऊन सावली धरायची आणि मागच्यांना हाका मारायच्या, हा शिरस्ता. या वेळी राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यातच लीडर म्हणाला, "तू टेल. तुझ्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच." मला वाटलं, कसला राग काढतोय हा माझ्यावर.

चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर गेलो तोवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी संजीवनी माची संपवून आळू दरवाज्यातून बाहेर पडलो आणि तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर उतरताना काकांची खरी चाल कळली. आधी काठी टेकवायची, ती हलवून बघायची, मग एक पाय, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी. पुढच्या पायरीला पुन्हा काठी. पायाखाली सगळा घसारा. मी मागे उभी. पुढचे ठिपक्याएवढे झालेले. पहिला तासभर माझी नुसती चिडचिड होत होती.

पण तोरण्याचा चढ लागला आणि चित्र पालटलं. काका एका लयीत, न थांबता, वर. कॉलेजकुमार धावतोय, बसतोय, धावतोय, बसतोय. तासाभरात तो माझ्या पुढ्यात येऊन धापा टाकत होता आणि काका मधल्या फळीत. पुढे बुधला माचीकडच्या लोखंडी शिडीपाशी तिसराच माणूस अडकला. रोज जिमला जाणारा, दंड फुगवून फोटो काढणारा आमचा मित्र शिडीचा पहिला गज धरून उभा राहिला तो हलेचना. त्याला उंचीची भीती वाटते हे त्यालाही माहीत नसावं. काका त्याच्या पाठोपाठ शिडीवर चढले आणि बँकेत टोकन पुकारावं तशा कोरड्या आवाजात सांगत राहिले, "डावा. हं. आता उजवा. हात नंतर. डावा." पोचले दोघं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागे राहणारा माणूस कायम एकच नसतो. उतारावर गुडघेवाला, चढावर दमवाला, शिडीवर भीतीवाला. आपण मात्र पहिल्याच तासात एकाच्या कपाळावर शिक्का मारून मोकळे होतो.

आता भांडण. तोरण्यावरून भगत दरवाज्याने उतरून गेळगाणी, हारपूड, वरोती करत मोहरी गाव गाठायचं होतं. तो दिवस सगळ्यात लांब. वाटेत कॉलेजकुमाराच्या बुटाचा सोल निघाला, सुतळीने बांधला, त्यात वेळ गेला. हारपूड मागे पडलं तेव्हा चार वाजून गेले होते. पुढचे चौघं म्हणाले, आम्ही झपाझप जातो, मोहरीत ओसरी बघतो, चूल पेटवतो, तुम्ही या सावकाश. लीडर म्हणाला, कुणी कुठे जायचं नाही. वाटाड्या एक, गट एक. झालं, जुंपली. "अंधारात सगळ्यांनी मिळून पोचण्यात कसलं शहाणपण?" इथपासून "ज्यांना झेपत नाही त्यांना आणता कशाला?" इथपर्यंत. काका शेजारीच बसून बिस्किटाच्या पुड्याची घडी घालत होते.

शेवटी सगळे एकत्रच चाललो, विजेऱ्या लावून मोहरीत पोचलो. कुणाला काही झालं नाही. खिचडी उशिरा झाली आणि एकजण रात्रभर कुणाशी बोलला नाही.

लीडरचं बरोबर होतं का? तुमच्या गटात काय करता?

पायपीट

वाचनखूण साठवली. काकांना दंडवत _/\_
अवांतर: तोरण्यावर मेंगाईच्या देवळात राहिलात आणि उंदरांनी सॅक कुरतडली नाही? भूतही दिसलं नाही? मग तुम्ही तोरण्यावर गेलाच नव्हता. (हलके घ्या.)

रानजाई

@पायपीट, उंदरांनी शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा नेला. भुताची गोष्ट लीडरने सांगितली, पण ऐकायला जागं कोण होतं!

घाटवाटकर

लीडरचं बरोबर होतं.

एका गटाचे दोन गट करायला माझी हरकत नसते. पण मग दोन्हीकडे वाट जाणणारा माणूस हवा, पाणी हवं, विजेऱ्या हव्यात, औषधाची पेटी हवी. तुमच्याकडे वाटाड्या एकच. त्या पट्ट्यात गुरांच्या वाटा सतत फुटत असतात आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. पुढचे चौघं चुकून भलत्या सोंडेवर उतरले असते तर मोहरीत पोचल्यावर तुम्ही खिचडी केली असतीत की त्यांना शोधायला निघाला असतात? फोनला रेंज आली तर आली. वेळ आलीच तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची माणसं धावून येतात, पण तीही माणसंच, घरदार सोडून येतात. त्यांना बोलवायची वेळ आणू नये.

पण मला खरं बोलायचंय ते थांब्यांबद्दल. गट का फाटतो? पुढचे वर जाऊन बसतात. दहा मिनिटं आराम होतो, पाणी होतं, फोटो होतात. मागचा धापा टाकत येतो, त्याला बघून हे टाळ्या वाजवतात आणि उठतात. "चला!" म्हणजे ज्याला दम खायची सगळ्यात जास्त गरज, त्याला दिवसभरात एकही थांबा मिळत नाही. दुपारपर्यंत तो आणखी मागे पडतो आणि मग सगळे म्हणतात, बघा, याला झेपत नाही. अहो, तुम्ही झेपू दिलंत कुठे?

आमच्याकडे थांब्याची वेळ टेल पोचल्यावर सुरू होते. शेवटचा माणूस बसला की घड्याळ लावायचं. आणि त्या त्या टप्प्यावर जो हळू असेल त्याला लीडरच्या पाठीमागे, दुसरा लावायचा. सगळ्यात मागे असला की समोरच्याच्या पाठीकडे बघून तो आपली चाल बिघडवतो. लीडरच्या मागे असला की लीडरच त्याच्याप्रमाणे चालतो. सुरुवातीला पुढच्या पोरांची कुरकुर होते, मग गप्पा रंगतात आणि विसरतात.

नाळेत मात्र नियम वेगळा. तिथे पांगून चालायचं नाही. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड लांबून आला तर वेग घेऊन येतो. म्हणून एकतर अगदी जवळजवळ चालायचं, नाहीतर एक तुकडी आडोशाला पोचेपर्यंत दुसरीने हलायचं नाही. आणि दगड सुटला की लाजू नका, बोंबला. "दगड!" एवढंच. कुणाचा, कसा, ते नंतर.

रोखठोक

सगळे लीडरची आरती ओवाळताहेत, म्हणून दुसरी बाजू.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर डोंगरात असणं हा धोका आहे आणि तो एका माणसाच्या चालीपायी सगळ्यांनी घ्यायचा? काकांबद्दल आदर आहे, पण निघण्याआधी त्यांना कात्रज–सिंहगड करायला लावलं होतं का? रात्रीत त्या टेकड्यांचे चढउतार केले की ज्याचं त्याला कळतं आपण कुठे आहोत ते. राजगड–तोरणा–रायगड ही वाट काही पहिलटकरांची नाही. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, तिथून पुढे दिवसभर चाल आणि मग एका दमात कोकणात उतरायचं. 'सगळ्यांना सामावून घेऊ' हे वाक्य शनिवारवाड्यावर ठीक आहे.

आणि हो, वेगाने चालणाऱ्यालाही त्रास होतो. आपल्या लयीपेक्षा हळू चालून पाय जास्त दुखतात. त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

रानजाई

@रोखठोक, काकांनी कात्रज–सिंहगड केलं होतं. जिमवाल्याने नव्हतं केलं, कारण "मला काय गरज?" कॉलेजकुमारानेही नाही. तुमची चाळणी लावली असती तर काका आत आणि ते दोघं बाहेर.

हळू चालून पाय दुखतात हे मात्र शंभर टक्के मान्य. पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्या चालून दुखल्या नाहीत तेवढ्या थांबून दुखल्या. दुसऱ्या दिवशी उपाय सापडला. काकांच्या मागे चिकटून चालायचं नाही. ते एखादं वळण उतरेपर्यंत उभं राहायचं, मग आपल्या चालीने तेवढं अंतर कापायचं, पुन्हा उभं राहायचं. त्यांच्या पाठीवर माझं ओझंही येत नाही.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, ट्रेकरही आहे, दोन्ही टोप्या घालून लिहितो.

टेलचं पहिलं काम कान उघडे ठेवणं. डोंगरात बिघडत चाललेला माणूस तक्रार करत नाही, तो गप्प होतो. सकाळपासून बडबडणारा गडी विनोदावर हसेनासा झाला, खायला नको म्हणाला, दोन्ही पाय एकाच ठिकाणी अडखळायला लागले, की समजायचं. "बरा आहेस ना?" असं विचारू नका, उत्तर कायम "हो" येतं. "सकाळपासून लघवीला कितीदा गेलास?" हे विचारा. हसतील, पण खरं उत्तर मिळेल. थंडीत तहान जाणवत नाही आणि लोक पाणी पीत नाहीत. उलट काहीजण नुसतं पाणीच ढोसतात, मीठ पोटात जात नाही. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पुडी, आणि सोबत खाणं.

दुसरं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार घेतात. त्याने होणारं दुखणं लगेच कळत नाही, ते एक ते तीन दिवसांत चढत जातं. तुमच्या वाटेवर राजगड आणि तोरण्याचे उतार आधी येतात आणि नेमकं मांड्या भरून आलेल्या असताना मोहरीजवळच्या सिंगापूर गावाची नाळ समोर उभी राहते. म्हणजे पहिल्या दिवशी जो 'फिट' होता तो नाळेत 'फिट' असेलच असं नाही. पहिल्या दिवशीची क्रमवारी तिसऱ्या दिवशी लावू नका.

खादाड

इतकी चर्चा झाली आणि पातेल्याबद्दल कुणी बोललं नाही!

गटाची खरी परीक्षा सामान वाटताना होते. डाळ-तांदूळ उचलणारा हुशार, त्याचं ओझं दर जेवणाला उतरतं. कांदे-बटाटेवालाही सुटतो. पातेलं उचलणाऱ्याचं ओझं रायगडापर्यंत तेवढंच, वर खरकटं आणि काळं. शिवाय चालताना वाजतं. आमच्या गटात पातेलं रोज सकाळी वेगळ्या सॅकला बांधतात आणि ते कुणाकडे जाणार यावरून माणसं ओळखता येतात. एकजण दरवेळी नेमका त्याच वेळी लांबवर 'जाऊन' येतो.

मावळखोरं

मी त्याच बाजूचा आहे, वेल्ह्याकडचा. आता पुण्यात नोकरीला असतो. धागा सगळा वाचला. चांगलं लिहिलंय. पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या सोबत वाटाड्या होता. तो तुमच्या गटात धरता का?

लहानपणापासून बघतोय. गट गावात येतो. पुढचे चार येतात, वीस कप चहा टाका म्हणतात. आई चूल पेटवते. निम्मे चहा पिऊन उठतात तेव्हा मागचे येतात, त्यांना गार चहा. वाटाड्या सगळ्यात शेवटी, त्याला कुणी विचारतच नाही, तो ओसरीच्या कडेला बसून घरच्यांशी बोलतो. सॅक जड झाली की त्याच्या पाठीवर. पैसे देताना घासाघीस. आणि वर लिहितात की आम्ही टीमवर्क शिकलो.

तुम्ही अंधारात मोहरीत पोचलात. तो परत कसा गेला? तुमच्या विजेऱ्या तुमच्याकडे. त्याला सकाळी गुरं सोडायची असतील, रानात जायचं असेल. चार वाजता तुमचं भांडण चाललं होतं तेव्हा त्याला कुणी विचारलं का, दादा, किती वेळ लागेल? त्याच्या पायाखालची वाट आहे, त्याला माणसाची चाल बघून कळतं कुठं पोचायला किती वाजतील.

राग नाही. पण विचारावंसं वाटलं.

घाटवाटकर

@मावळखोरं, नमस्कार दादा. हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोठा आहे. आमच्याकडे मजुरी आधी ठरवतो आणि परतीचा दिवसही धरतो, कारण त्याचा दुसरा दिवस मोडतोच. पण गार चहाचं वाचून गप्प झालो.

रानजाई

@मावळखोरं, दादा, तुम्ही विचारलंत म्हणून लीडरला फोन केला आणि जे कळलं ते आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

आमच्या वाटाड्याने दुपारी भाकरी खातानाच लीडरला सांगितलं होतं, "या चालीनं दिवस बुडंल." दोघांनी तिथेच ठरवलं की अंधार होणार हे धरूनच चालायचं. तो रात्री मोहरीत पाहुण्यांकडे राहिला, दुसऱ्या दिवसाचे पैसे त्याला आधीच दिले होते. दुपारी लीडरने सगळ्यांना विजेऱ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात काढून ठेवायला लावल्या होत्या. तेव्हा वाटलं, याचं नेहमीचं शिस्तीचं वेड.

म्हणजे भांडण झालं तेव्हा उत्तर तयार होतं, फक्त दोघांनाच माहीत होतं.

रोखठोक

मग हे त्याने सगळ्यांना का नाही सांगितलं??

निर्णय बरोबर, हे मी आता मान्य करतो. वाटाड्याला विचारून, वेळ धरून, विजेऱ्या काढून घेतलेला निर्णय आहे, हट्ट नव्हे. पण तो पोटात ठेवला, म्हणून बाकीच्यांना हट्ट वाटला. दुपारी भाकरीवर दोन वाक्यं बोलला असता, "आज अंधार होणार, सगळे एकत्र राहू," तर चार वाजता भांडायला कारणच उरलं नसतं. काकांनाही ते ऐकून घ्यावं लागलं नसतं.

लीडर लोकांची ही खोड मी पुष्कळ पाहिली आहे. घाबरतील म्हणून सांगत नाहीत. मोठी माणसं आहेत, ऐकतील की.

घाटवाटकर

@रोखठोक, इथे मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. लिहून ठेवण्यासारखा दिवस.

ओंजळभर

न्यू जर्सीत राहते. इथून ॲपलाचियन ट्रेल जाते, आमच्या राज्यातून ११६ किलोमीटरच्या आसपास. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत अख्खी वाट साधारण ३५०० किलोमीटर. आम्ही काही मैत्रिणी शनिवार-रविवारचे तुकडे जोडत चालतो.

इथली रीत रोखठोक यांना आवडेल. ज्याने त्याने आपल्या चालीने चालायचं, कुणाला थांबायला लावायचं नाही. पुष्कळजण एकटे निघतात, गट वाटेत जमतो, सकाळी पांगतो, संध्याकाळी निवाऱ्यापाशी पुन्हा भेटतो. सुरुवातीला मला हे फार परकं वाटलं. कुणी मागे राहिलं तर? मग कळलं की झाडाझाडावर पांढरा पट्टा रंगवलेला असतो, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. वळणावर दोन पट्टे. तो दिसतोय तोवर वाट बरोबर. टेलचं निम्मं काम ते पट्टेच करतात, आणि ते रंगवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. म्हणजे 'ज्याचा तो' म्हणणाऱ्या वाटेमागेही न दिसणारा गट आहेच.

सह्याद्रीत ते काम माणसाला करावं लागतं. त्यामुळे तिकडे 'ज्याचा तो' चालणार नाही असं मला वाटतं.

एक मात्र इथे कडक. आमच्या भागात अस्वलं आहेत. निवाऱ्यापाशी लोखंडी पेट्या असतात, खाणं त्यातच ठेवायचं. एकाने आळस करून तंबूत चिवडा ठेवला तर सगळ्यांची झोप उडते. तिथे कुणी 'माझं मी बघीन' म्हणत नाही.

पायपीट

चिवडा आणि अस्वल =)) तोरण्याचे उंदीर परवडले.

गोगलगाय

नेहमी फक्त वाचते. आज लिहिते, कारण मी तो शेवटचा माणूस आहे. कुठल्याही गटात.

मागे असणाऱ्याला काय होतं ते पुढच्यांना माहीत नसतं. पाय दुखतात हे खरं, पण डोकं जास्त दुखतं. प्रत्येक वळणावर वाटतं, आता तिथे सगळे बसलेले असणार, आता सगळे माझ्याकडे बघणार, आता कुणीतरी "शाब्बास!" म्हणणार. ते शाब्बास नको असतं हो. मग ते टाळायला मी पाणी प्यायला थांबत नाही, बुटात खडा गेला तरी काढत नाही. एकदा त्या खड्याने टाच सोलून निघाली. डॉक्टरांनी लिहिलंय ना, माणूस "हो" म्हणतो, ते अगदी खरं.

एका गटात मला पाण्याचा हिशोब दिला. प्रत्येक थांब्यावर कुणाकडे किती पाणी उरलंय ते विचारायचं आणि वहीत टिपायचं. साधं काम. पण मी पोचेपर्यंत हिशोब व्हायचा नाही आणि हिशोब झाल्याशिवाय गट हलायचा नाही. कुणी माझ्यासाठी थांबत नव्हतं, सगळे पाण्यासाठी थांबत होते. ज्याने ते काम दिलं त्याने हे मुद्दाम केलं की नाही, मला अजून माहीत नाही. विचारलंही नाही.

त्या ट्रेकला मी मोठ्याने "मला दहा मिनिटं हवीत" असं म्हणाले. आकाश कोसळलं नाही. दोघंजण लगेच बसले, त्यांनाही हवीच होती बहुतेक.

नाडीपरीक्षा

@गोगलगाय, पाण्याचा हिशोब ढापतोय. पुढच्या ट्रेकला वापरणार.

सोमवारसकाळ

थोडं थंड पाणी ओततो.

मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दरवर्षी माणसं डोंगरावर नेतो, गळ्यात गळे घालून फोटो काढतो, परतीच्या बसमध्ये दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी येतं. सोमवारी तीच माणसं एकमेकांना सीसीत टाकून पत्रं लिहितात. डोंगर माणूस बदलतो वगैरे मला पटत नाही. डोंगरात माणूस चांगला वागतो कारण तिथे पळून जायला जागा नसते आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागलेली असते.

राजगड–तोरणा–रायगड केल्याने व्यक्तिमत्त्व घडत असतं तर ट्रेकिंगच्या गटांमध्ये इतकी राजकारणं नसती.

खादाड

शेवटच्या वाक्याला +१००. आमच्या एका गटाचे तीन झाले, तिन्ही त्याच किल्ल्यावर वेगवेगळ्या रविवारी जातात.

रानजाई

@सोमवारसकाळ, बदल-बिदल मीही म्हणत नाही. मी अजूनही भराभरच चालते. फरक एवढाच पडला की मागच्या महिन्यात घरच्यांबरोबर सिंहगडला गेले तेव्हा आईच्या मागे चालले. तिने दोनदा विचारलं, "तुला बरं नाहीये का?"

जो मित्र रात्रभर बोलला नव्हता त्याचंही सांगते. रोखठोक यांचं "पोटात ठेवला" मी जसंच्या तसं आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. लीडरने नुसता अंगठा दाखवला. मग तासाभराने त्या मित्राचा लीडरला फोन गेला म्हणे. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. आणि काकांनी खाली लिहिलं, "मला वाटलं मी उशीर करतोय हे तुम्हाला आत्ता कळतंय. मला तर गुंजवण्यातच माहीत होतं."

मावळखोरं

काकांना घेऊन गावाकडं या. चहा गरम मिळेल.

नवखा_ट्रेकर

सगळा धागा वाचून काढला, भारी चर्चा. आमचा जानेवारीत हाच बेत आहे. राजगड आणि रायगड युनेस्कोच्या यादीत आले, मधला तोरणा राहिला, याचं वाईट वाटून तोरण्यावर एक रात्र जास्त काढणार आहोत :) प्रश्न असा की मोहरीतून कोकणात उतरायला बोराट्याची नाळ घ्यावी की सिंगापूरची? गटात दोघं नवीन आहेत. लिंगाण्याचा सुळका जवळून बघायचा आहे म्हणून बोराट्याचा मोह होतोय.

घाटवाटकर

दोघं नवीन असतील तर सिंगापूर. बोराट्याची नाळ मोठमोठ्या धोंड्यांची आहे आणि लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कड्याला लगटून आडवं जावं लागतं. तिथे दोर आणि तो वापरता येणारा माणूस हवा. लिंगाणा बघायचाच असेल तर सामान मोहरीत ठेवून सकाळी लवकर रायलिंग पठारावर जाऊन या. समोर अख्खा सुळका दिसतो, मागे रायगड. मग परत येऊन सिंगापूरच्या नाळेने खालच्या दापोलीत (रत्नागिरीतली नव्हे, रायगडाजवळचं गाव) उतरा. नाळेत पाणी मिळेल असं धरू नका, मोहरीतच भरून घ्या. कोकणात उतरल्यावर ऊन आणि दमट हवा अंगावर येते, जानेवारी असला तरी. रायगडवाडीपर्यंतची चाल सपाट दिसते म्हणून तिला हलकं घेऊ नका, तिथेच लोक कोसळतात.

नवखा_ट्रेकर

धन्यवाद घाटवाटकर! परतीला रायगडाहून काय मिळतं?

घाटवाटकर

गड उतरून पाचाड, तिथून महाड. एसटीच्या वेळा गावातच विचारा, ऐनवेळी बदलतात. महाडहून पुण्याच्या गाड्या आहेत. दमलेले असाल, वरंध घाटात झोप लागते, सॅक मांडीवर घेऊन बसा.